अँटीव्हायरस रिन्यू करायचा की नवा घ्यायचा?

एकाच अँटीव्हायरसला, एकाच दिवशी, एकाच माणसासाठी दोन भाव असतात. एक भाव संगणकाच्या कोपऱ्यात उघडणाऱ्या लाल चौकटीत दिसतो: मुदत संपत आली आहे, आत्ताच रिन्यू करा. दुसरा भाव त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या नव्या पॅकला असतो. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो, ऑनलाइन बाजारात मिळतो, आणि पुष्कळदा खुद्द कंपनीच्या संकेतस्थळावर नव्या ग्राहकांसाठी ठेवलेल्या पानावरही मिळतो. हा दुसरा भाव बऱ्याचदा पहिल्याहून कमी असतो; कधी तर निम्म्यावर येतो. वर्षभर पैसे मोजून ज्याने विश्वास टाकला त्याला महाग, आणि काल ज्याला कंपनीचं नावही ठाऊक नव्हतं त्याला स्वस्त. घरातले निवृत्त आजोबा बँकेची कामं संगणकावर करत असतील, गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान दोन संगणकांवर चालत असेल, तर हा फरक दरवर्षी त्यांच्या खिशातून जातो. तो जातोय हे बहुतेकांना कळतही नाही. म्हणून हा हिशोब नीट मांडायला हवा.

आधी मनातली भीती काढून टाकू. रिन्यू केल्याने जास्त संरक्षण मिळतं आणि नवा पॅक घेतल्याने कमी, असं काहीही नसतं. आपण पैसे कशाचे देतो ते पाहिलं की हे लक्षात येतं.

महाराष्ट्राला हा धंदा जवळून माहीत आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, तिथून ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारी यंत्रं पुन्हा पुन्हा व्हायरसनेच बिघडलेली असायची. तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय यांनी, व्हायरस शोधून काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचं नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. सुरुवातीच्या त्या दिवसांत व्हायरस फ्लॉपीवरून पसरत, आणि त्यांना ओळखण्याची यादीही फ्लॉपीवरूनच नवी करून घेता येई. आज जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरातली एव्ही-टेस्ट ही चाचणी संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आणि नकोशा प्रोग्रामांची नोंद करते. इतक्या वेगाने बदलणाऱ्या शत्रूपुढे गेल्या महिन्यातली यादी फार काळ पुरत नाही.

तेव्हा वर्षाचे पैसे हा दुधाचा रतीब आहे. प्रोग्राम एकदाच बसतो. रोज येते ती नव्या धोक्यांची माहिती. कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या कीसमोर, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना टाकायच्या सांकेतिक अक्षरांसमोर, एक तारीख लिहिलेली असते. रिन्यू केलं की ती तारीख पुढे सरकते, नवा पॅक घेतला की नव्या कीसमोर नवी तारीख पडते. दोन्ही कींना त्याच सर्व्हरवरून तीच माहिती मिळते.

मग भाव वेगळे का? नवा ग्राहक मिळवायला कंपन्या एकमेकींशी झुंजतात. दुकानाच्या फळीवर चार कंपन्यांचे पॅक शेजारी शेजारी असतात, वितरकांना ते घाऊक भावात दिलेले असतात, आणि दुकानदार आपल्या नफ्यातला थोडा भाग सोडून गिऱ्हाईक धरून ठेवतो. ऑनलाइन बाजारात तर पहिल्या वर्षाचा भाव मुद्दाम पाडलेला असतो. नव्या लॅपटॉपवर आधीच बसवून आलेली चाचणी आवृत्ती हाही त्याच झुंजीचा भाग आहे. रिन्यूअलच्या चौकटीत मात्र शेजारी दुसरं कोणीच नसतं. समोर एकच कंपनी, एकच बटण, आणि ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ हे वाक्य. तिथे छापील किंमत पूर्ण वसूल करता येते, कारण घाबरलेला माणूस भाव विचारत नाही. कंपन्यांनी नफा कमवावा, त्यात गैर काही नाही. पण जे उत्पादन भीतीपासून सुटका म्हणून विकलं जातं, त्याची वर्गणी भीती दाखवून वसूल करणं मला पटत नाही.

यापुढची पायरी म्हणजे ऑटो-रिन्यूअल. ऑनलाइन खरेदी करताना कार्डाचा क्रमांक दिला की बहुतेक ठिकाणी ‘दरवर्षी आपोआप रिन्यू करा’ ही खूण आधीच केलेली असते. पहिल्या वर्षी सवलतीचा भाव, दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव, आणि तोही न विचारता कार्डावरून वजा. या प्रकाराला कायद्याने हात घातल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या चौकशीनंतर २००९ मध्ये सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन कंपन्यांनी प्रत्येकी ३,७५,००० डॉलर भरले. ग्राहकांना नीट कल्पना न देता वर्गणी आपोआप पुढे चालू ठेवल्याचा आक्षेप होता. ब्रिटनमध्ये स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने हाच विषय धरला आणि २०२१ मध्ये मॅकॅफी व नॉर्टन यांच्याकडून लेखी हमी घेतली: वर्गणी आपोआप रिन्यू होणार हे आधी स्पष्ट सांगायचं, पुढच्या वर्षी भाव वाढणार असेल तर तेही सांगायचं, आणि आपोआप रिन्यू झाल्यावर ग्राहकाने मधेच सोडायचं ठरवलं तर उरलेल्या काळाचे पैसे परत द्यायचे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी सुरुवातीला ओटीपीसारखी वेगळी संमती घ्यावी लागते, आणि पुढे प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. त्या संदेशावरून ग्राहक तो व्यवहार थांबवू शकतो, संमतीही कायमची मागे घेऊ शकतो. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नव्या ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. घरगुती अँटीव्हायरसची वर्गणी सहसा या मर्यादेच्या आतच बसते. म्हणजे दुसऱ्या वर्षी ओटीपी येणार नाही. मधे उभा असतो तो फक्त हा आगाऊ संदेश. ज्यांच्या मोबाइलवर दिवसाला शंभर संदेश आदळतात त्यांच्या नजरेतून तो सहज निसटतो. म्हणून ऑटो-रिन्यूअल खरेदीच्या दिवशीच बंद करावं. त्याने चालू वर्षाची सेवा थांबत नाही, फक्त पुढच्या वर्षीचा निर्णय आपल्या हातात राहतो.

ऑटो-रिन्यूअल बंद करण्याची जागा सापडू नये अशी पानं बांधणंही आता नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेले आहेत. वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं त्यात आहे, खोटी घाई निर्माण करणंही आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आता दिवसांचा हिशोब. चुका इथेच जास्त होतात. मुदत संपण्याआधी रिन्यू केलं तर उरलेले दिवस साधारणपणे पुढच्या वर्षाला जोडले जातात. नव्या पॅकची की टाकली तर मात्र कंपनीनुसार आणि उत्पादनानुसार दोन गोष्टी घडू शकतात: काही ठिकाणी उरलेले दिवस जोडले जातात, काही ठिकाणी नवी की टाकल्या क्षणापासून नवं वर्ष सुरू होतं आणि जुने दिवस वाया जातात. त्याच कंपनीचं पण वरच्या किंवा खालच्या दर्जाचं उत्पादन घेतलं, तर वाया जाण्याची शक्यता आणखी वाढते. कंपनीच्या मदत केंद्राला आधी विचारावं, किंवा सरळ जुनी मुदत संपेपर्यंत थांबावं. थांबण्यात तोटा नाही, कारण दुकानात डब्यातून मिळणाऱ्या पॅकची मुदत सहसा खरेदीच्या दिवसापासून मोजत नाहीत, की प्रथम टाकली त्या दिवसापासून मोजतात. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला डबा जानेवारीपर्यंत कपाटात राहिला तरी बिघडत नाही. फक्त ‘अमुक तारखेच्या आत सुरू करा’ असं त्यावर लिहिलंय का ते पाहावं. कंपनीच्या संकेतस्थळावर कार्डाने घेतलेली वर्गणी मात्र पुष्कळदा खरेदीच्या दिवसापासूनच चालू होते.

त्याच कंपनीचा, त्याच नावाचा नवा पॅक घेतला तर जुना प्रोग्राम काढून नवा बसवण्याची गरज बहुधा पडत नाही. रिन्यू करण्याच्या खिडकीतच ‘माझ्याकडे की आहे’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तिथे नवी की टाकायची. ‘आत्ताच खरेदी करा’ हे बटण मोठं आणि रंगीत असतं, हा पर्याय बारीक अक्षरात खाली असतो. शोधायचा तो हा. कंपनीच बदलायची असेल तर काम जास्त आहे. जुना अँटीव्हायरस आधी पूर्ण काढावा लागतो, कारण दोन अँटीव्हायरस एकाच फायलीवर एकाच वेळी पहारा ठेवू लागले की संगणक रेंगाळतो, कधी अडकूनच बसतो. नेहमीच्या पद्धतीने काढल्यावरही त्याचे अवशेष मागे राहतात, म्हणून बहुतेक कंपन्या सफाईचं छोटं साधन मोफत देतात. ते त्या त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावं. त्याआधी एक गोष्ट विसरू नये. जुन्या उत्पादनासोबत पासवर्डची तिजोरी किंवा क्लाउडवरचा बॅकअप मिळालेला असेल, तर त्यातलं सगळं आधी बाहेर काढून घ्यावं. वर्गणी संपल्यावर तो साठा कायम राहीलच असं नाही, आणि घरचे फोटो गेले तर वाचलेल्या चारशे रुपयांचं समाधान कोणालाही होणार नाही.

दुकानातून डबा घेताना काय घडतं तेही जवळून पाहण्यासारखं आहे. डब्यात एक कागद असतो, त्यावर नखाने खरवडायची पट्टी, पट्टीखाली कीची अक्षरं. दुकानातला मुलगा ती खरवडतो, सफाईने टाइप करतो, आणि नाव, मोबाइल, ईमेल विचारणारी खिडकी आली की वेळ वाचवायला दुकानाचाच ईमेल टाकून देतो. गिऱ्हाईक खूश होऊन लॅपटॉप पिशवीत घालतं. पण त्या क्षणी वर्गणीची मालकी कंपनीच्या दप्तरी दुकानाच्या नावे लागलेली असते. मुदत संपत आल्याची सूचना दुकानाला जाते. लॅपटॉप बिघडून नवा घेतला आणि उरलेले सात महिने त्यावर हलवायचे म्हटलं, तर ओळख पटवणारा कोड दुकानाच्या ईमेलवर येतो, आणि तोवर दुकान बंद झालेलं असलं तर ते महिने गेलेच म्हणायचे. यात दुकानदाराचा वाईट हेतू क्वचितच असतो, घाई असते. त्या खिडकीपाशी स्वतःचा ईमेल सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पक्कं बिल मागावं. स्वतःच्या व्यवसायासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांकासह मागावं. सॉफ्टवेअरवर १८ टक्के कर असतो, आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याची वजावट हिशोबात धरता येते. काही घरगुती आवृत्त्या, विशेषतः मोफत मिळणाऱ्या, धंद्यासाठी वापरायला परवाना देत नाहीत, हेही व्यावसायिकांनी वाचून घ्यावं.

रिन्यू करणंच शहाणपणाचं ठरतं अशीही परिस्थिती असते. कार्यालयात वीसेक संगणक एका केंद्रीय पटलावरून सांभाळले जात असतील तर प्रत्येकावर नवी की टाकत बसणं परवडत नाही. मुलांच्या वापरावर घातलेल्या मर्यादा, अपवाद म्हणून नोंदवलेल्या फायली अशी घडी बसलेली असली तर ती मोडण्याचे कष्ट भावातल्या फरकाहून जास्त होऊ शकतात. शिवाय काही कंपन्या मुदतीआधी रिन्यू करणाऱ्याला खरोखरच सवलत देतात, तेव्हा गणित उलटं फिरतं. म्हणून नियम पाठ न करता दोन्ही भाव त्याच दिवशी, करासकट, तेवढ्याच संगणकांसाठी आणि तेवढ्याच वर्षांसाठी शेजारी लिहून पाहावेत. ऑटो-रिन्यूअल बंद केल्यावर काही दिवसांत कंपनीकडूनच कमी भावाचा ईमेल आल्याचा अनुभवही अनेकांना आहे. एक महिना आधी सुरुवात केली तर या सगळ्याला वेळ मिळतो.

तिसराही पर्याय आहे, आणि लाल चौकट तो कधीच सांगत नाही. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो, वेगळे पैसे न देता. सुरुवातीला तो कच्चा मानला जाई. आता एव्ही-टेस्टच्या आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत तो पैसे देऊन घेतलेल्या उत्पादनांच्या बरोबरीने गुण मिळवताना दिसतो. दुसरा अँटीव्हायरस चालू असेपर्यंत डिफेंडर मागे सरतो आणि त्या अँटीव्हायरसची मुदत संपली की सहसा आपोआप पुढे येतो. पण मुदत संपलेला प्रोग्राम संगणकात अर्धवट ठाण मांडून राहिला तर हा बदल रखडूही शकतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून व्हायरससंबंधीच्या पानावर सध्या पहाऱ्यावर कोण आहे ते डोळ्यांनी पाहावं. ज्या घरात विंडोज अद्ययावत आहे, फायलींचा बॅकअप आहे आणि अनोळखी दुव्यांवर कोणी बोट ठेवत नाही, तिथे माझ्या मते डिफेंडर पुरेसा आहे. कुटुंबाच्या पाच उपकरणांसाठी एकत्र नियंत्रण हवं असेल, फोनवरून मदत करणारं कोणी हवं असेल, तर पैसे देण्यात अर्थ आहे. ज्येष्ठांसाठी फोनवरची मराठीतली मदत कधी कधी अँटीव्हायरसहून मोलाची ठरते.

मात्र मूळ यंत्रणाच जुनी असेल तर कोणताही अँटीव्हायरस ते भगदाड बुजवत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर संगणक बंद पाडले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम विस्कळीत केलं. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ती न बसवलेले संगणक बळी पडले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अजून त्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी तीन वर्षांचा अँटीव्हायरस पॅक घेण्याआधी विंडोज ११ वर जाता येतं का, किंवा मायक्रोसॉफ्टने देऊ केलेली वाढीव सुरक्षा मुदत मिळते का, ते पाहायला हवं.

वर्षं वाढवण्याआधी कंपनीकडेही पाहावं, कारण अँटीव्हायरसला आपण संगणकातली प्रत्येक फाइल उघडण्याची मुभा देतो. अव्हास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी अमेरिकेने कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली, आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या अनेक ग्राहकांच्या संगणकावर कॅस्परस्की जाऊन अल्ट्राएव्ही नावाचा दुसराच प्रोग्राम आपोआप बसला. बदल आधी ईमेलने कळवल्याचं सांगण्यात आलं, तरी कित्येकांना तो संगणक चालू केल्यावरच दिसला. तीन वर्षांचा पॅक दरवर्षी स्वस्त पडतो हे खरं. तीन वर्षांत कंपनी कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही हेही तेवढंच खरं. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, तेव्हा त्यातल्या एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाणारा माणूस त्याच घरात राहतो.

स्वस्ताच्या शोधात घसरायच्या जागाही आहेत. छापील किमतीच्या दहाव्या हिश्शात ईमेलवर मिळणारी की अनेकदा मोठ्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून फोडलेली किंवा चोरीच्या कार्डाने घेतलेली असते. ती दोन महिने चालते, मग कंपनी ती रद्द करते, आणि विकणारा सापडत नाही. याहून घातक आहेत रिन्यूअलची खोटी बिलं. ‘तुमची वर्गणी रिन्यू झाली, इतके हजार कापले, नको असल्यास या क्रमांकावर फोन करा’ असा ईमेल येतो. पैसे कापलेलेच नसतात. फोन केला की पलीकडचा माणूस परतावा देण्यासाठी म्हणून संगणकाचा ताबा देणारं ॲप बसवायला सांगतो आणि बँकेचं खातं उघडायला लावतो. अशा ईमेलमधल्या क्रमांकावर कधीही फोन करू नये; बँकेचं विवरण स्वतः उघडून पाहावं. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

भावाच्या या शोधात कधी परदेशी राहणाऱ्या मुलामुलींकडून आईवडिलांच्या संगणकासाठी तिकडूनच पॅक घेतला जातो, किंवा इथला स्वस्त पॅक तिकडे पाठवला जातो. बऱ्याच कंपन्यांच्या की प्रदेशाला बांधलेल्या असतात. भारतात विकलेली की न्यू जर्सीत सुरू होत नाही आणि तिकडची इथे. पुण्यातल्या आईच्या लॅपटॉपसाठी की भारतातलीच घ्यावी, खातं आईच्या ईमेलवर उघडावं, आणि मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण दोघांच्याही फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी.